तळहाताएवढा पाव

९ जानेवारी

चि. छबू,

बाबाचे आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते उघडणार नाहीस, असं तुझी आई म्हणाली. म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. फोन मी उचलला तर तू 'आईला द्या' याच्यापुढे जात नाहीस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नव्हता.

इकडे बरं आहे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. भट्टीकाका अजून कामावर येतात. एका कानाने त्यांना ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ते ऐकत नाहीत. दुकानाच्या मागच्या जिन्याची तुटकी पायरी अखेर बदलली. तू ज्या पायरीवर दोनदा पडली होतीस, तीच.

आता मुख्य बातमी. तुझ्या बापाला पाव बंद झालाय.

हसलीस तरी चालेल, सगळा बाजार हसतोय. वर्षभर वजन उतरत होतं. पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून पट्टा संपला. मग एक दिवस साधा ट्रे उचलताना मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याने रक्त तपासायला पाठवलं, रक्त तपासणाऱ्याने पोटाच्या डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. घशातून नळी घालून आत बघितलं आणि म्हणाल्या, "गहू तुम्हाला सोसत नाही. जन्मभर बंद. जवसुद्धा. धंदा काय तुमचा?"

"पाव भाजतो," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दुसरं काही येतं का?"

कणकेला जो ताण असतो, ज्याच्या जिवावर पाव फुगतो आणि आपलं घर चाललं, तोच म्हणे माझ्या आतड्यांना चालत नाही. आतलं अस्तर घासून गुळगुळीत झालंय, खाल्लेलं अंगी लागत नाही. हे आजकालचं नसावं, खूप जुनं असावं, असं त्यांचं मत. पीठ उडतं ती हवासुद्धा टाळायला सांगितलीय. एकोणचाळीस वर्षं भट्टीसमोर काढली. आता दुकान काका आणि त्यांची सून बघतात आणि मी आपल्याच दुकानाला वळसा घालून मागच्या जिन्याने वर जातो. आईने घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक फट पुसून काढली. माझ्या भांड्यांवर लाल रंगाचा ठिपका दिलाय. शाळेतल्या मुलाच्या डब्यावर असावा तसा.

तर बासष्टाव्या वर्षी मला जेवायला शिकवतायत. पहिल्यांदा गहू नसलेला तयार पाव आणला, पाकिटातला. भट्टीकाकांनी बोटाने दाबून बघितला. "मालक, यानं पेन्सिलीचं खोडता येईल." मग तांदळाच्या शेवया. त्या काट्यावर राहीनात. बुटाच्या नाड्या सुटाव्यात तशा सुटून परत ताटात. तुझी आई हसता हसता खुर्चीवर बसली. मशरूमला ओल्या फडक्याचा वास येतो, पण लोण्यात परतले तर खपतात. अवोकाडो नावाचं फळ खाल्लं, साबण चावल्यासारखं वाटलं. भाजीवाली म्हणाली, ते पिकू द्यायचं असतं. बीट खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्याही हसल्या.

"जन्मभर माझ्या प्रत्येक भाजीला पावाचा टेकू लावलात," आई म्हणते. "आता कळू दे भाजीला स्वतःचे पाय असतात ते."

आणि भात. मी भाताला आजाऱ्याचं खाणं म्हणायचो, आठवतं? आता दोन्ही वेळा भातच.

परवा तिने रताळी वाफवली. आपल्या घरात ती कितीतरी वर्षांनी आली. साल काढलं, वाफ आली, आणि

असो. रताळी चांगली होती.

एक काम होतं. ही गोष्ट म्हणे रक्ताच्या नात्यात उतरू शकते. तू तपासून घे आणि तुझ्या पिटुकलीलाही घेऊन जा. थोडंसं रक्त द्यायचं, बाकी काही नाही. काळजीचं कारण नाही, डॉक्टरीणबाई सगळ्यांनाच सांगतात.

जावईबापूंना नमस्कार. पिटुकलीचा पापा घे, माझ्या नावाने घेतलास असं तिला सांगितलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा


३० जानेवारी

चि. छबू,

आशीर्वाद. तुझा निरोप पोचला. "त्यांना सांग, मी खाल्लेलं मला पचतं. दुसऱ्याचं खाल्लेलंही पचतं." आईने तो चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, जसाच्या तसा दिला. बरोबर बोललीस. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

हात रिकामे बसवत नाहीत म्हणून मी घरच्या छोट्या ओव्हनमध्ये तांदळाच्या पिठाचा पाव करून बघितला. नवं पीठ, नवी परात. पण या पिठाला पीठ धरत नाही. मळायला जावं तर ओली वाळू. भाजल्यावर मधोमध चीर पडली, कोरड्या तळ्यासारखी. भट्टीकाका खालून ओरडले, "मालक, वीट जमली का?" मी म्हटलं, भिंत बांधायला घेतोय.

साचा शोधायला आईच्या कपाटात वरचा कप्पा उघडला होता. तिथे तो डबा सापडला. कोकोचा, बिनझाकणाचा, एका कडेला चेपलेला. त्यात एकच पाव व्हायचा, तळहाताएवढा. रोज दुपारी चारच्या घाण्यात मोठ्या पावांच्या शेजारी तो ठेवायचो. जास्तीचं दूध, जास्तीचं लोणी. गिऱ्हाईक मागायचं, "तो छोटा द्या ना." मी म्हणायचो, "तो विकायचा नाही, तो आमच्या पैलवानाचा."

आईने तो इतकी वर्षं कागदात गुंडाळून ठेवला होता. मला माहीत नव्हतं. तुझा भाऊ जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि त्या डब्याला अजून करपलेल्या दुधाचा वास येतो.

छबू, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरात आणखी कोणाला असं काही? लहानपणी कोणी फार अशक्त?"

मी नाही म्हणालो. तिथेसुद्धा मी नाही म्हणालो.

पुढचं आज लिहवत नाही. फक्त एवढं ऐक. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर रक्तात दिसत नाही, असं त्या म्हणाल्यात. माझ्यावरच्या रागाने तपासणी टाळू नकोस. राग माझ्यावर ठेव, पोरीला घेऊन जा.

तुझा,
बाबा


१७ फेब्रुवारी

छबू,

आशीर्वाद शेवटी देईन, घ्यावेसे वाटले तर घे.

काल तू आईशी फोनवर बोलत होतीस तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तुझा आवाज मोठा आहे, माझ्यासारखा. पिटुकली शाळेचा डबा अर्धा परत आणते, जेवताना पोट धरून बसते, आणि तू तिला समोर बसवून शेवटचा घास संपेपर्यंत उठू देत नाहीस. "नखरे आहेत नुसते," म्हणालीस.

तो शब्द माझा आहे. तू तो माझ्याकडून उचललास. म्हणून आता सगळं लिहितो. आधीच्या दोन पत्रांत रताळ्यांच्या नि विटेच्या गप्पा मारल्या, त्या हे लिहावं लागू नये म्हणून.

तो नऊ वर्षांचा होता, तू तेरा. त्याचे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे. कामावरची माणसं त्याला काडीपैलवान म्हणायची आणि मीही हसायचो, पण आतून जळायचो. पाववाल्याच्या घरात वाळलेलं पोर! दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी पावाकडे बघायचं, मग त्याच्याकडे. तो आजारी पडला की मी पावात दूध वाढवायचो. आणखी आजारी पडला की दोन वेळा द्यायचो. टोस्ट दुधात बुडवून, चमच्याने. मला दुसरं औषध येतच नव्हतं.

तुला आठवतं, तो महिनाभर मावशीकडे राहिला होता? तिच्या घरी तिन्ही त्रिकाळ भात, आणि परसात रताळी. परत आला तो गाल भरून. जिने दोन दोन पायऱ्यांनी चढायला लागला. मावशी म्हणाली, "याला रताळी फार आवडतात हो भाऊजी, करत जा." मी काय म्हणालो माहीत आहे? "आमच्याकडे खायला मिळत नाही असं दाखवायचंय का तुम्हाला?" त्या दिवसापासून आपल्या घरात रताळं आलं नाही.

आज माझ्या लाल ठिपक्याच्या ताटात काय काय असतं ते बघतो. भात, रताळं, मका, बटाटा. सगळं त्याने मागितलेलं. मी त्याचं ताट खातोय, छबू. तेवीस वर्षं उशिरा, आणि मला बाळसं चढतंय.

आता तो दिवस.

मी पिठाच्या पोत्यांमागे गेलो, तर तू उकिडवी बसून त्याचा छोटा पाव खात होतीस. घाईघाईने, तोंड भरून. मी तुला दंडाला धरून दुकानात आणलं आणि गिऱ्हाइकांसमोर कानफटात मारली. "भावाच्या तोंडचा घास चोरतेस?" तुझ्या तोंडात अजून पाव होता. तू तो गिळला नाहीस आणि थुंकलाही नाहीस, तशीच उभी राहिलीस. एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, निर्ढावलेली आहे.

तोवर चार महिने तू तो खात होतीस. आणि त्याच चार महिन्यांत आई म्हणत होती, "पोराने जरा अंग धरलंय, नाही?" मी म्हणायचो, "धरणारच. लोणी कुणाचं आहे!"

आता जे लिहितो ते तेवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो माझ्याजवळ आला. मी मागच्या जिन्यावर, त्याच तुटक्या पायरीवर बसलो होतो. तो एक पायरी वर बसला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या कानाशी. म्हणाला, "बाबा, ताईला मारू नको. मीच तिला खायला सांगतो. पाव खाल्ला की माझ्या पोटात सुया टोचतात. तिला मी शपथ घातलीय, बाबाला सांगायचं नाही, त्याला वाईट वाटेल."

मी म्हणालो, "पाववाल्याचा मुलगा, आणि पावाने पोट दुखतं? हे बाहेर बोललास तर दुकानाला कुलूप लागेल. नखरे आहेत नुसते."

तो उठून आत गेला. त्याविषयी परत कधी बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चार वाजता दुकान काकांवर सोडून वर यायचो. त्याला समोर बसवायचो आणि शेवटचा तुकडा जाईपर्यंत बघत राहायचो. तो खायचा. मी खूश व्हावं म्हणून खायचा. सात महिने खाल्लं त्याने. मग तो ताप आला, छातीत उतरला, आणि अंगात झगडायला काही उरलंच नव्हतं.

लोक घरी भेटायला आले होते. कोणीतरी म्हणालं, "एवढं दूध-लोणी घालून पोर असं कसं हातचं गेलं?" खोली भरलेली होती. तू दारात उभी होतीस. आणि मी म्हणालो, "त्याच्या तोंडचं ही खात होती."

मला माहीत होतं, छबू. ते खोटं आहे हे माहीत असताना म्हणालो. तुला वाटत असेल, बाबाचा गैरसमज झाला. गैरसमज नव्हता. मला खरं ऐकायचं नव्हतं, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर होत्या. त्या मी तुझ्याकडे वळवल्या. तेरा वर्षांच्या पोरीकडे.

तू त्याची शपथ मोडली नाहीस. तेव्हाही नाही, एकोणिसाव्या वर्षी घर सोडताना नाही, आजवर नाही.

परवा मी डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खात्रीने आता सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच वाटतात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा कळणं शक्य नव्हतं." भली बाई आहे. रोग कळणं शक्य नव्हतं, खरंय. पोरगा काय सांगतोय ते कळणं शक्य होतं.

काल फोन ठेवल्यावर तुझ्या आईलाही सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलत राहिली. मग म्हणाली, "छबूने चोरलं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे माहीत नव्हतं." हातातला बटाटा पाण्यात टाकला आणि आत गेली. आज तिने माझं ताट वाढलं, पण जेवायला बसली नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. मागण्यासारखी राहिलेली नाही. पोरगी पोट धरून बसते, एवढ्यासाठी लिहिलं. तिला घेऊन जा. आणि ती नको म्हणाली, तर ते नको आहे असं समज.

आशीर्वाद.

बाबा


२५ मार्च

चि. छबू,

पाकीट मिळालं. आत पिटुकलीच्या तपासणीचा कागद, आणि त्याच्या मागे तुझ्या अक्षरातली एक ओळ. 'पहिल्या दिवशी काय द्यावं?' वर नाव नाही, खाली नाव नाही. हरकत नाही. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

तुझ्या आईने कागद वाचला, घडी केली आणि त्या कोकोच्या डब्यात ठेवला. मग माझ्यासमोर बसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

आता उत्तर.

तयार पाव आणू नकोस. पोर हिरमुसेल, आणि त्याचं खरोखरच खोडरबर होतं. शेवया द्यायच्या तर आखूड तोडून दे, म्हणजे सुटणार नाहीत. मशरूम इतक्यात नको. बीट दिलंस तर आधीच सांगून ठेव, नाहीतर माझ्यासारखी घाबरेल. मैत्रिणींच्या डब्यातलं खाता येणार नाही म्हणून रडेल, रडू दे. भांड्यांना ठिपका द्यायचा तर रंग तिला निवडू दे. माझा लाल आहे. तिलाही लालच हवा असेल तर माझी काही हरकत नाही.

तांदळाच्या पिठात थोडा उकडलेला बटाटा कुस्करून घातला तर चीर कमी पडते, असं आता कळलंय. अजून चार-सहा वेळा करून बघतो. जमला तर कसा करायचा ते लिहून पाठवीन. पाव पाठवणार नाही. माझ्या हातचं तुझ्या घरात यावं की नाही, ते तू ठरव.

पहिल्या दिवशी मात्र रताळं दे. लहानसं बघून घे. सालासकट वाफव, पाणी आत जाऊ देऊ नकोस. गरम असतानाच मोडायचं, सुरी लावायची नाही. त्याला तसंच आवडायचं, मावशीने सांगितलं होतं मला.

अर्धं तिला दे, अर्धं तू खा. आणि तिच्या समोर बसू नकोस. शेजारी बस.

तुम्हा दोघांचा,
बाबा